एक दात कमी

ताशी 42 किलोमीटर. भारतात दुचाकीच्या धुराची आणि मायलेजची परीक्षा ज्या 'भारतीय ड्रायव्हिंग सायकल'वर वर्षानुवर्षं होत आली, तिच्यातला सगळ्यात मोठा वेग एवढाच. 108 सेकंदांचं एक आवर्तन. गाडी सुरू करायची, थोडी पळवायची, थांबवायची, पुन्हा पळवायची. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, 1966 सालची. अशा संस्थेच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात आणि तिचं चाक जागच्या जागी फिरतं. टेकडीवर बसून सपाटीची परीक्षा घ्यायची, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. आता परीक्षेची पद्धत बदलली, भारत स्टेज सहा आलं, वेग वाढले. पण त्या परीक्षेत गगनबावड्याजवळचा करूळ घाट कधीच नव्हता. पावसाळ्यातली लाल माती नव्हती, आणि कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लटकवलेले दुधाचे कॅनही नव्हते.

1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली ती लिटरला 80 किलोमीटरची जाहिरात करत. त्याच सुमाराला आरएक्स 100 आली, सुझुकी आणि कावासाकीच्या शंभर सीसी गाड्या आल्या, पण पुढची चाळीस वर्षं खेड्यापाड्यात राज्य केलं ते 80 किलोमीटरवालीने. 1994 साली स्प्लेंडर आली ती त्याच वळणाची. गाडी कमी पेट्रोल पिणारी हवी असेल तर इंजिनाला उगाच जास्त फेरे घ्यायला लावायचे नाहीत, हा साधा नियम. म्हणजे टॉप गिअरला चाक भरभर आणि इंजिन निवांत. सपाटीवर एकट्या माणसाला हे अगदी मानवतं. कारखान्यात बसून कोणासाठी गाडी बनवायची हे ठरवावंच लागतं, आणि त्यांनी या एकट्या माणसासाठी बनवली. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फक्त तो माणूस गगनबावड्याला राहत नाही.

कोल्हापुरातून गगनबावड्याचा रस्ता धरला की बराच वेळ दोन्हीकडे ऊसच ऊस. मग डोंगर जवळ येतात, भाताची खाचरं सुरू होतात आणि मुख्य रस्त्यावरून वर वाड्यांकडे फाटे फुटू लागतात. मुख्य रस्त्याचा चढ आखलेला असतो. डोंगरी रस्त्याचा नेहमीचा चढ वीस मीटरला एक मीटर, फार तर सोळा-सतराला एक, अशी इंडियन रोड्स काँग्रेसची शिफारस आहे. वाडीचा रस्ता मात्र जुन्या पायवाटेवरच खडी पडून झालेला. बैल जसा चढायचा तसा तो चढतो. त्यावरून सकाळ-संध्याकाळ दूध खाली संस्थेत यायचं आणि परतताना पेंडीचं पोतं वर जायचं. सुगीत वैरणीचा भारा असतो, ऊसतोडीच्या दिवसांत वाड्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा. भाऱ्याखाली गाडी कुठली आहे हे फक्त आवाजावरून कळतं.

या रस्त्यावरच्या एका गॅरेजात मेस्त्रींना विचारलं, की बाबा, इथे गाड्यांना पुढचं स्प्रॉकेट बदलतात असं ऐकलं. त्यांनी मान वरही केली नाही. "दूधवाल्याच्या गाडीला चौदा ऱ्हातंय व्हय? तेरा टाकल्याबिगर चढत्याच न्हाई. चढली तरी क्लचप्लेटी खात्या."

गणित असं. गिअरबॉक्सच्या दांड्यावर पुढे एक लहान स्प्रॉकेट, मागच्या चाकाला एक मोठं, आणि दोघांना बांधणारी चेन. पुढे 14 दात आणि हिशेबाच्या सोयीसाठी मागे 42 धरले, तर पुढच्याच्या तीन फेऱ्यांत मागचं चाक एकदा फिरतं. पुढे 13 केले की त्याच एका फेरीला पुढच्याला 3.23 फेरे घ्यावे लागतात. तेवढ्याने मागच्या चाकाचा जोर 7.7 टक्क्यांनी वाढतो आणि इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना गाडीचा वेग 7 टक्क्यांनी घटतो. पदरात नवं काही येत नाही, पदरचं काही जातही नाही. इंजिनाची ताकद जेवढी होती तेवढीच राहते. मागे दात वाढवूनही हाच परिणाम साधता येतो, पण पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन. 14चे 13 करण्याऐवजी मागे 42चे 45 करावे लागतील.

सात-आठ टक्के ऐकायला काहीच नाही. ते कुठे कामी येतात हे पाहायला थोडी बेरीज करू. स्प्लेंडरचं वजन 112 किलो, चालवणारा 65 किलोचा, आणि पेंडीचं ओझं रिकाम्या कॅनसकट शंभरेक किलो धरू. एकूण पावणेतीनशे. पंधराला एक अशा चढावर एवढं वजन नुसतं वर ढकलायलाच 18 किलोचा जोर लागतो. टायरचं घर्षण चारेक किलो, ताशी 50ला वाऱ्याचा अडसर सहा-सात किलो. मिळून 29च्या आसपास. आता पुरवठा. इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क 8.05 न्यूटन मीटर, तोही 6000 फेऱ्यांना. तो गिअरबॉक्स आणि चेनमधून मागच्या टायरपर्यंत पोहोचेस्तोवर टॉप गिअरमध्ये, माझ्या ढोबळ हिशेबाने, 27-28 किलोचा जोर उरतो. मागणी 29, पुरवठा 28. म्हणून गाडी चौथ्यात हळूहळू 'बसत' जाते, माणूस तिसरा टाकतो, ती कर्कशून पुढे सुटते, पुन्हा चौथा, पुन्हा बसते. घाटभर हाच खेळ. 13 दाती टाकलं की पुरवठा 30ला टेकतो आणि चौथा टिकतो.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. चौथा टिकत नाही म्हणून स्प्रॉकेट बदलणं हा गिअर पाडायचा आळस आहे. खालचा गिअर आयता बसलेला आहे, कंपनीने तो त्यासाठीच दिला आहे. शहरातली कित्येक पोरं 'पिकप वाढवायला' म्हणून दात कमी करतात, त्यांना मी एवढंच विचारेन की तिसऱ्यात जाऊन बघितलंत का? खरी गरज असते ती पहिला गिअरच अपुरा पडतो तेव्हा. पहिल्याच्या खाली पाडायला काही उरत नाही.

वाडीच्या चढावर नेमकं तेच होतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन 6000 फेऱ्यांवर असेल तर गाडी ताशी 20च्या पुढेमागे असते. पेंडीचं पोतं घेऊन, सुट्या खडीवर, वळणात समोरून म्हैस आलेली असताना 20ने कोण जाणार? माणूस जातो आठ-दहाने. त्या वेगाला इंजिन निम्म्या फेऱ्यांवर येतं, टॉर्कही उतरतो, आणि गाडी बंद पडू नये म्हणून हात क्लचवर अर्धा दाबलेला राहतो. अर्धा क्लच म्हणजे प्लेटी घसरतात, तापतात, जळका वास येतो. गॅरेजात त्या दिवशी उघडलेल्या एका इंजिनातल्या क्लचप्लेटी मेस्त्रींनी माझ्या हातावर ठेवल्या. घर्षणाचा थर झिजून गुळगुळीत झालेला, लोखंडी प्लेटींवर निळसर-जांभळे डाग. "हे तेरा टाकायच्या आधीचं," ते म्हणाले. पुढचं स्प्रॉकेट दोनशे रुपयांच्या आसपास मिळतं. क्लचचा खर्च मजुरीसह त्याच्या कितीतरी पट. दूधवाल्याला गुणोत्तर कळो न कळो, हा हिशेब चांगला कळतो.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचं. मेस्त्रींनी आधी मागच्या एक्सलचा नट सैल केला, चाक पुढे ढकलून चेन ढिली पाडली. मग गिअरची पट्टी काढली आणि इंजिनाचं डावं कव्हर उतरवलं. आत चेनचं वंगण, माती आणि भाताचा भुसा यांचा काळा थर, बोटभर जाड. तो त्यांनी स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढला तेव्हा कुठे स्प्रॉकेट दिसलं. दात एका बाजूने झिजून वाघनखांसारखे वाकलेले. दहाच्या पान्याने दोन बोल्ट काढले, त्यांच्याखालची लॉक प्लेट जरा फिरवून खाचेतून सोडवली आणि चेनसकट स्प्रॉकेट बाहेर ओढलं. नवं घालायच्या आधी त्यांनी एका दाताला खडूची खूण केली आणि बोटाने दात मोजले. वर '13' कोरलेलं होतं तरीही. "छापलेल्याचं काय खरं न्हाई." प्लेट पुन्हा खाचेत, बोल्ट आवळले, चाक मागे ओढून चेन ताणली. खालच्या बाजूला बोटाने उचलून दोन-अडीच सेंटिमीटर हलते ना, ते चाक फिरवून तीन-चार ठिकाणी पाहिलं, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते.

यात एक बारकावा आहे तो घाईत राहून जातो. दात कमी झाला की चेन तेवढी जास्त होते आणि चाक मागे सरकवावं लागतं, साधारण तीन मिलिमीटर. ड्रमब्रेकचा रॉड मात्र तेवढाच असतो. चाक मागे गेलं की ब्रेक ओढला जातो, म्हणून ब्रेकचा नट पुन्हा लावून घ्यावा लागतो. न लावता चढ चढला तर ब्रेक घासत राहतो, आणि मालक म्हणतो, तेरा टाकूनही गाडी जड चालते. मागचे तीन दात वाढवणं मात्र इथे कोणी पसंत करत नाही. त्यासाठी चेनकव्हर पूर्ण उघडा, चाक काढा, चार नट खोला, आणि चाक दहाएक मिलिमीटर पुढे घ्या. चेन आधीच ताणाच्या शेवटाला असेल तर ठीक, नवी असेल तर चाक तेवढं पुढे जाईल याची खात्री नाही. मग दोन कड्या वाढवा. चेनच्या कड्या नेहमी समसंख्येत असतात, आतली एक, बाहेरची एक, त्यामुळे एकच कडी वाढवून भागत नाही.

तरीही पुस्तकी बाजूने विचाराल तर मागचे दात वाढवणं जास्त शहाणपणाचं. लहान स्प्रॉकेटवर चेनला जास्त वाकावं लागतं. 14 दातांवर प्रत्येक कडी सुमारे 26 अंश वळते, 13वर 28, 12वर 30. शिवाय स्प्रॉकेट खरं तर गोल नसतंच, ते बहुकोन असतं, त्यामुळे चेनचा वेग प्रत्येक दातागणिक किंचित कमीजास्त होतो. हा चढउतार 14ला अडीच टक्के, 13ला 2.9, 12ला 3.4. पायाला जाणवणारी बारीक थरथर ती हीच, आणि चेनची झीजही तिथेच वाढते. काही गाड्यांत पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेनची वरची बाजू खाली येऊन स्विंगआर्मवरच्या रबराला घासते. म्हणून 13पर्यंत ठीक. 12 मागणाऱ्याला हे मेस्त्री हात जोडतात.

अजून एक. चेन 104 कड्यांची असेल आणि पुढे 13 दात असतील तर 104ला 13ने पुरता भाग जातो. म्हणजे प्रत्येक कडी आयुष्यभर त्याच एका दातावर येऊन बसते. एखादा दात वाकडा असेल तर तो ठरावीक आठ कड्यांनाच खात राहतो. 14 दातांवर तीच कडी आलटून पालटून सात दातांवर फिरते आणि झीज वाटली जाते. फरक मोठा नाही, पण जुनी चेन नव्या स्प्रॉकेटवर चढवू नये या नियमाला इथे जास्त अर्थ येतो. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन चिमटीत धरून मागे ओढायची. अर्धा दात उघडा दिसला तर ती चेन संपली. नुसतं पुढचं बदलून पैसे वाचवणारं गिऱ्हाईक दोन महिन्यांत परत येतं, असा मेस्त्रींचा अनुभव.

चढाची चर्चा सगळे करतात, उताराची कोणी करत नाही. मला या साऱ्यात सगळ्यात पटलेली गोष्ट एका वयस्कर दूधवाल्याने सांगितली. मेस्त्री त्यांना तात्या म्हणत होते. "चढाला काय, उतरून ढकलीन. पर भरलेलं दूध खाली येतंय, त्येचं काय?" वाडी वर, संस्था खाली, म्हणजे भरलेले कॅन उतारावर. गाडीला 130 मिलिमीटरचे ड्रमब्रेक. मैलभर दाबून धरले की तापतात आणि ऐन वळणावर सोडून देतात. उतारावर खरा भरवसा इंजिनाचा. खालचा गिअर टाकून रेस सोडली की इंजिन गाडीला मागे धरतं, आणि ती पकडही त्याच 7.7 टक्क्यांनी वाढते. तात्यांनी तेरा टाकलं ते उतारासाठी. चढाचा फायदा त्यांच्या लेखी वरचा.

डोंगरातल्या माणसाने कंपनीचं गणित दुरुस्त करायची ही रीत एकट्या आपल्याकडची नाही. होंडाने 1958 साली सुपर कब काढली आणि 1959 साली लॉस एंजेलिसला दुकान थाटलं. 50 सीसीची ती गाडी शहरी बायाबापड्यांसाठी. पण आयडाहो राज्यातल्या बॉइसी या डोंगराळ भागातल्या गावचा विक्रेता हर्ब उल ती लॉस एंजेलिसमधल्या विक्रेत्यांपेक्षाही जास्त विकू लागला. अमेरिकन होंडाचे विक्रीप्रमुख जॅक मॅककॉर्मॅक यांना हे कोडं पडलं. चौकशी केली तर उल मागच्या चाकाला मोठं स्प्रॉकेट आणि खडबडीत टायर चढवून ती शिकाऱ्यांना आणि गळ टाकणाऱ्यांना विकत होता. साडेचार अश्वशक्तीची गाडी जंगलातला चढ चढत होती. कंपनीने शहाणपणा केला आणि त्याचंच अनुकरण केलं. 1961 साली ट्रेल 50 बाजारात आली. तिच्या मागच्या चाकाला दोन स्प्रॉकेट एकावर एक, एक रस्त्यासाठी आणि दुसरं सत्तरच्या वर दातांचं, डोंगरासाठी. डांबर संपलं की उतरायचं, चेनला जादा तुकडा जोडायचा आणि मोठ्या चक्रावर चढवायची. पुढे त्यासाठी इंजिनातच एक वेगळी खिट्टी आली आणि हात काळे करायची गरज संपली. आपल्याकडच्या शंभर सीसी गाड्यांना अशी खिट्टी कोणी दिली नाही. दिली असती तर डोंगरातल्या गॅरेजांचं एक बारकं उत्पन्न बुडालं असतं.

उलट दिशेचेही भक्त आहेत. पुढे 15 टाकायचं, गाडी हायवेला 'मोकळी' पळते म्हणतात. ताशी 50-60ने जाणाऱ्याला हे मानवतं, इंजिन शांत होतं, हँडलची थरथर कमी होते. टॉप स्पीड वाढेल या आशेने टाकणारा मात्र फसतो. वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी 80चे 88 करायचे, म्हणजे वेग फक्त दहा टक्के वाढवायचा, तर ताकद 33 टक्के जास्त हवी. आठ अश्वशक्तीच्या इंजिनाकडे ती नाही. मग होतं असं की 15 दातांवर गाडी टॉपला जेमतेम श्वास घेते आणि समोरून वारा आला की तिसऱ्यात जास्त पळते. जुन्या आरएक्स 100 वाल्यांची गोष्ट निराळी. ती 98 सीसीची असली तरी 11 अश्वशक्तीची, आणि तिचे शौकीन सायलेन्सरपासून स्प्रॉकेटपर्यंत सगळंच ठरावीक शर्यतीच्या अंतराला बेतून बदलतात. कोल्हापुरात ती जमात अजून भरपूर आहे. त्यांच्याशी वाद घालायला वेगळा दिवस काढावा लागेल.

लडाखला जाणारी मंडळी हा नवा गिऱ्हाईकवर्ग. खारदुंग ला सव्वापाच हजार मीटरच्याही वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, म्हणजे इंजिनाचा दमही तेवढाच उरतो. अशा वेळी एक दात कमी करून जाण्यात तथ्य आहे, आणि पुण्या-मुंबईचे बरेच जण पिशवीत जादा स्प्रॉकेट घेऊन निघतात. हिरोच्या एक्सपल्सला कंपनीनेच रॅली किट काढलं, त्यात सस्पेन्शन आणि टायरच्या जोडीला स्प्रॉकेटही वेगळे होते. आयडाहोच्या दुकानदाराला जे सुचलं ते आपल्याकडच्या कंपनीच्या किटात यायला साठ वर्षं.

कायद्याचं काय? 2019च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52वर निकाल दिला. नोंदणी प्रमाणपत्रावरचे तपशील मूळ उत्पादकाने दिले त्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येणार नाही, हा त्याचा गाभा. प्रमाणपत्रावर दातांची संख्या कुठेच नसते. व्हीलबेस मात्र असतो, आणि तेरा टाकल्यावर तो तीनेक मिलिमीटरने वाढतो. चेन ताणत ताणत तो तसाही वर्षभरात तेवढा सरकतोच. हमीची मुदत चालू असलेल्या गाडीला हात लावायच्या आधी शोरूममध्ये विचारलेलं बरं. स्पीडोमीटरची काळजी स्प्लेंडरवाल्याला नाही, त्याची केबल पुढच्या चाकातून येते. ज्या गाड्यांत वेग गिअरबॉक्सपाशी मोजतात तिथे दात कमी केला की काटा जास्त दाखवायला लागतो.

मेस्त्रींची तक्रार या सगळ्यापेक्षा वेगळी आहे. चेनसेटचा डबा येतो त्यात चेन, मागचं आणि पुढचं अशी तिन्ही एकत्र असतात, आणि पुढचं असतं 14चंच. दूधवाला कधी कोल्हापूरला गेला, तिथेच चेनसेट बदलून आला, की तिथला पोरगा डब्यातलं सगळं बसवून मोकळा होतो. आठवड्याने गाडी इथे येते, "मेस्त्री, इंजिन उतरलं वाटतंय." इंजिनाला काही झालेलं नसतं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी डाव्या कव्हरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने मोठ्ठं '13' लिहायला सुरुवात केली आहे. आणि डब्यातून उरलेली कोरी करकरीत 14 दाती स्प्रॉकेट? ती भिंतीला खिळ्यावर ओवून ठेवलेली असतात. पंधरा-वीस साठली की जयसिंगपूरकडे एका पाहुण्यांचं गॅरेज आहे, तिकडे एसटीने जातात. तिकडे सगळी सपाटी, आणि तिथल्या मेस्त्रींना ती निम्म्या भावात पडतात. "ह्यावेळी त्येंचा फोन आला हुता," मेस्त्री हात पुसत म्हणाले, "म्हणत्यात, तुमच्याकडं पंधरा हायत का?"